पसरलेल्या हातामागचा हात

नांदेड शहरात कोणी केवळ पोटाच्या आगीपायी हात पसरावा, असे फारसे कारण नाही. इ. स. १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला, त्या स्थानी उभ्या असलेल्या तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब या गुरुद्वाऱ्यात लंगराची परंपरा अखंड चालू आहे. तेथे येणाऱ्यास त्याची जात विचारली जात नाही, धर्म विचारला जात नाही. पंगतीतल्या धनिकाच्या आणि निर्धनाच्या ताटात एकच डाळ आणि एकच रोटी पडते, आणि ती रोटी घेताना कोट्यधीशानेही दोन्ही हात जोडून पुढे करावे लागतात. मागणाऱ्यास हीन न करता अन्न कसे द्यावे, याचा याहून सुंदर वस्तुपाठ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आणि तरीही त्याच शहरात, रेल्वे स्थानकाबाहेर, बसस्थानकात, सिग्नलपाशी, सात-आठ वर्षांची मुले कडेवर धाकटी भावंडे घेऊन हात पसरताना दिसतात. त्यांचे मागणे नीट ऐकावे. ओठांवर शब्द भुकेचे असतात, पण दृष्टी असते ती नाण्यावर. बिस्किटाचा पुडा दिला तर मूल तो घेते, क्वचित तेथेच फोडून खातेही. परंतु हात पुन्हा पुढे येतोच. जो थोडा वेळ थांबून पाहील त्यास पुढचेही दिसते. नाणे मुलाच्या मुठीत फार काळ राहत नाही. चार-सहा नाणी जमली की ते पळत जाते, बंद दुकानाच्या पायरीवर किंवा झाडाच्या सावलीत बसलेल्या कोणा वडीलधाऱ्याच्या ओट्यात ती टाकते आणि दुसऱ्या क्षणी परत रस्त्यावर येते. कधी तो ओटा आईचा असतो, कधी दूरच्या नातलगाचा, आणि कधी अशा कोणाचा की ज्याचे त्या मुलाशी रक्ताचे नाते आहे की नाही हे चौकशीवाचून सांगता येणार नाही. ज्याला अन्न विनामूल्य मिळू शकते ते मूल पैसा मागते, याचा अर्थ इतकाच की ते स्वतःसाठी मागत नसते. बालभिक्षेच्या प्रश्नाचा सारा गाभा या एका गोष्टीत आहे, आणि दुर्दैव असे की आपल्या कायद्याची आणि आपल्या करुणेची दृष्टी शतकभर पसरलेल्या हातावरच खिळून राहिली. त्या हातामागच्या हातापर्यंत ती फार उशिरा पोहोचली.

या प्रश्नाची मुळे शोधू गेल्यास मराठवाड्यातील जुन्या ग्रामव्यवस्थेपाशी जावे लागते. पहाटे चिपळ्या वाजवीत येणारा वासुदेव, बैल सजवून दारोदार फिरणारा नंदीवाला, सोंगे आणणारा रायरंद, घंटा आणि शंख घेऊन येणारा मसणजोगी, अंगावर आसूड ओढणारा पोतराज, संबळ घेऊन उभा राहणारा गोंधळी, ही सारी मंडळी दाराशी येत, पण त्यांना कोणी भिकारी म्हणत नसे. सुगीच्या खळ्यावर त्यांचा वाटा गृहीत धरलेला असे, आणि त्या सुपभर धान्याच्या मोबदल्यात ते काही ना काही देऊन जात: गाणे, आशीर्वाद, देवीची आठवण, करमणूक. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेचे निरूपण करणारा स्वतंत्र समासच लिहिला आहे, आणि त्यात भिक्षेने लोकांशी ओळखी होतात, पण कोणी पुष्कळ आणून दिले तरी मूठभरच घ्यावे, असा विवेक सांगितला आहे. भिक्षा ही त्या काळी याचना नव्हती, एक सामाजिक करार होता.

त्या करारात मुलांचे स्थान काय होते, याविषयी मात्र प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. डोंबाऱ्याची पोर हातात काठी तोलून दोरावरून चालत असे, तेव्हा खाली जमलेला गाव टाळ्या वाजवी. ते कसब होते यात शंका नाही, पण ते कसब तिने निवडलेले नव्हते, आणि तिच्या वयाची गावातील दुसरी मुले जेव्हा पाटीवर अक्षरे गिरवू लागली तेव्हाही ती दोरावरच राहिली. परंपरेचे गोडवे गाताना हा हिशेब विसरण्याची सवय आपल्याकडील सहृदय लेखकांनाही जडली आहे. ती मोडली पाहिजे.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहेच. शिवाय अनेक भटक्या जमातींच्या जातपंचायती पिढ्यानपिढ्या तेथे भरत आल्या आहेत, सोयरिकी तेथे जुळत, तंटे तेथे मिटत आणि दंड तेथे वसूल होत. वर्षभर पालांतून विखुरलेला समाज या चार दिवसांत एका माळावर दिसे. आज तेथे जाऊन या जमातींची स्थिती पाहावी म्हणजे स्थित्यंतर कसे घडले ते ध्यानात येते. खळी उरली नाहीत, म्हणून खळ्यावरचा वाटा उरला नाही. सिनेमा, दूरदर्शन आणि मोबाइल आल्यावर रायरंदाच्या सोंगाकडे कोणी ढुंकून पाहिना. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दरवेशाचे अस्वल आणि गारुड्याचा नाग काढून घेतला. प्राण्यांवर दया करणारा तो कायदा योग्यच होता, परंतु अस्वलाबरोबर ज्याची भाकरी गेली त्या माणसाची दुसरी तजवीज कोणी केली नाही. कला गेली आणि झोळी तेवढी राहिली. आणि केवळ झोळी घेऊन निघालेल्या धडधाकट पुरुषास जेव्हा लोक काही देईनात, तेव्हा कुटुंबाच्या ध्यानात एक कठोर व्यावहारिक सत्य आले: बापाच्या हातापेक्षा मुलाच्या हातात अधिक पडते. मूल जितके लहान, जितके मळके, जितके केविलवाणे, तितकी मिळकत अधिक. त्या दिवशी मूल कुटुंबाच्या आधाराचे साधन झाले, आणि साधनाला कोणी शाळेत पाठवीत नाही.

येथे सरकारचे वर्तन काय होते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी सबंध जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या; स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना विमुक्त हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या मूळ यादीत चौदा विमुक्त आणि अठ्ठावीस भटक्या जमाती होत्या. पण नाव बदलले तरी फौजदाराची दृष्टी बदलली नाही. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोटासाठी उचलेगिरी शिकावी लागणारी मुले, रात्री-अपरात्री झोपडीत शिरणारे पोलीस आणि शाळेच्या वाटेवरचे अडथळे यांचे त्यात आलेले दर्शन मराठी वाचकास हादरवून गेले. ज्यांनी ते वाचले नाही त्यांनी या प्रश्नाविषयी मत देण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

भिक्षेविषयीचा आपला मुख्य कायदा म्हणजे १९५९ चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम. त्याची भीक मागण्याची व्याख्या इतकी व्यापक आहे की गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे किंवा किरकोळ वस्तू विकावयास पुढे करणे, या निमित्तांनी केलेली याचनाही तीत येते. म्हणजे वासुदेवापासून डोंबाऱ्यापर्यंत जवळपास साऱ्या भटक्यांचा परंपरागत व्यवसाय एका व्याख्येत अपराध ठरला. वॉरंटावाचून अटक करावी, प्रथम दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत अटकेत ठेवावे, पुनःपुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जावी, असा त्याचा आराखडा. मुंबईत चेंबूरचे भिक्षेकरी गृह याच व्यवस्थेचे. दारिद्र्य हे ज्याचे एकमेव कृत्य त्या माणसास कैदेत घालणारा हा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला होता; ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या त्याच्या भीक मागणाऱ्यास गुन्हेगार ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य म्हणून रद्द केल्या. मात्र दुसऱ्यास भीक मागावयास लावणाऱ्यास शिक्षा सांगणारे अकरावे कलम न्यायालयाने जसेच्या तसे राखले. या निवाड्यातील विवेक हाच की त्याने मागणारा आणि मागावयास लावणारा यांच्यामध्ये स्वच्छ रेघ ओढली. २०२१ साली साथीच्या काळात रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटविण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा तेथेही न्यायमूर्तींनी दारिद्र्याकडे उच्चभ्रू दृष्टीने पाहण्यास नकार दिला.

मुलांच्या बाबतीत कायद्याची दृष्टी त्यामानाने लवकर निवळली. १९५९ सालीच भारतीय दंडसंहितेत ३६३-अ हे कलम घालण्यात आले: भीक मागावयास लावण्यासाठी अल्पवयीन मुलास पळविणे हा स्वतंत्र गुन्हा झाला, त्याच हेतूने मुलास अपंग करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली, आणि जो कायदेशीर पालक नाही तो मुलाचा भिकेसाठी वापर करताना सापडला तर त्याने मूल पळविले असेच गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, असा महत्त्वाचा नियमही त्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम १३९ व्या क्रमांकाने अधिक कडक शिक्षेसह आले आहे, आणि मानवी अपव्यापाराच्या व्याख्येत भीक मागावयास लावणे हे शोषणाचे एक रूप म्हणून स्पष्टपणे नोंदले गेले आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने तर याहून मोलाची गोष्ट केली: भीक मागताना आढळलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक होय असे ठरविले, त्यास चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आणावे असा दंडक घातला, त्याच्याकडून भीक मागविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड सांगितला आणि ते मूल मात्र कोणत्याही परिस्थितीत अपराधी समजले जाऊ नये असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले. ही समिती म्हणजे पोलिसांचे कार्यालय नव्हे. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक महिला, अशी तिची रचना असते आणि मुलाविषयीचा निर्णय तिच्या हाती असतो.

कागदावर हे सारे निर्दोष आहे. अंमलात ते अडते कोठे? माझ्या मते एका ठिकाणी: आपण टोळीचा शोध घेत राहतो आणि कर्जाचा शोध घेत नाही. मुले पळविणाऱ्या टोळ्या नाहीत असे कोण म्हणेल? कोल्हापूरच्या गावित मायलेकींचे प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी अनेक मुले पळविली, चोऱ्या करताना ढालीसारखी वापरली आणि त्यांतील काहींचा निर्दयपणे अंत केला. दोघी बहिणींना झालेली फाशीची शिक्षा २००६ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाली आणि दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. परंतु अशा प्रकरणांनी लोकमनात जे भय पेरले त्याचे फळ भलत्यांनाच भोगावे लागले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे मुले पळविणारी म्हणून जमावाने ठेचून मारली. ती मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली निरपराध माणसे होती. त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे मोबाइलवर फिरणारी एक अफवा. भटक्याच्या पालात आपले मूल नसून त्याचे स्वतःचेच मूल उपाशी झोपलेले आहे, हे त्या जमावास कोणी सांगितले नाही.

बहुतेक बालभिक्षेमागे अपहरण नसते. घरचा अठराविश्वे दारिद्र्याचा संसार असतो, आणि त्या संसारावर कोणाचे तरी देणे असते. मराठवाडा पूर्वी ज्या निजामी अमलाखाली होता, त्या राज्याच्या तेलंगण मुलखात ‘भागेला’ नावाची वेठ रूढ होती. कर्जाच्या फेडीसाठी माणूस, प्रसंगी त्याचे पोरही, सावकाराच्या दारी राबे. हैदराबाद सरकारने तिच्या नियमनाचा कायदा केला तरी प्रथा संपली नाही. घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. आता लातूर-नांदेडच्या बालाघाटी टापूत पाहा. पाऊस दगा देतो, विहिरी आटतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा मुकादम दारी येऊन जोडप्याला उचल देतो. ही उचल घेतली की नवराबायको मिळून एक कोयता होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या फडाला बांधले जातात. मागे आजी-आजोबा असतील तर मूल गावात राहते, नसतील तर बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर बसून तेही जाते. फडात वाढे गोळा करते, तान्ह्या भावंडास सांभाळते आणि परीक्षेच्या वेळी शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रिकामे रकाने राहतात. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही गहाण. ज्याला हेही साधत नाही, ज्याचा हात फडात मोडतो किंवा नवरा मरतो, ते कुटुंब शहराच्या कडेला येते, आणि तेथे मुलाचा हात पुढे होतो. फडातले मूल आणि सिग्नलवरचे मूल ही दोन निरनिराळी मुले नव्हेत. एकाच वाटेवरचे ते दोन मुक्काम आहेत.

२०११ च्या जनगणनेत भिकारी आणि निराश्रित या सदरात देशभरात ४,१३,६७० माणसांची नोंद झाली. शिरगणतीने माणसे मोजली, पण दिवसाअखेरीस नाणी कोणाच्या हाती जातात हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नव्हता, आणि तो विचारल्यावाचून धोरण आखता येत नाही.

निराधार मुले रस्त्यावर जाऊ न देणे मराठवाड्याला अशक्य नाही, याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गावे गाढ झोपेत असताना, चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला; दगडमातीची घरे बसली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. अनाथ, अर्धअनाथ, घरदार गेलेली मुले मागे राहिली, आणि अशा वेळी जे नेहमी घडते ते घडण्यास सारी परिस्थिती अनुकूल होती: रस्ता, शहर, झोळी, नाहीतर कोणा दयाळू मुखवट्याच्या माणसाबरोबर परमुलखी रवानगी. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी यांतील सुमारे १,२०० मुले पुण्यास नेली. वाघोलीस त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसनाचे संकुल उभे राहिले, आणि ती मुले शिकून मोठी झाली. यातील लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्यांना कोणी पकडले नाही, डांबले नाही. गावाशी आणि नातलगांशी त्यांचे नाते तोडले नाही. वर्षानुवर्षे पोसले, शिकविले आणि उभे केले. चार दिवस वसतिगृहात ठेवून मुचलक्यावर पुन्हा त्याच हाती सोपविण्याने जे साधत नाही, ते दीर्घ मुदतीच्या जबाबदारीने साधते.

त्याच लातूरची आज दुसरी कीर्ती आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासपद्धतीसाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मुले तेथे येतात. त्यांच्या शिकवण्यांसाठी, खोल्यांसाठी, खाणावळींसाठी पालक कर्ज काढतात, शेत विकतात. बसस्थानकावर एखाद्या सकाळी वह्यापुस्तकांचे ओझे घेतलेला मुलगा उतरतो आणि त्याच्याच उंचीचे दुसरे मूल त्याच्यापुढे हात पसरते. दोघांनाही कोणीतरी तेथे पाठविलेले असते. एकाच्या मागे उभा असलेला बाप त्याच्यावर खर्च करतो, दुसऱ्याच्या मागे उभा असलेला माणूस त्याच्यावर जगतो. लातूरला मुलांना घडविण्याची विद्या अवगत आहे. ती पालाच्या दारापर्यंत नेण्याची इच्छा तेवढी हवी: जन्मदाखला आणि जातीचा दाखला देणारा तलाठी व तहसीलदार, स्थलांतराच्या काळात गावीच राहता यावे म्हणून चालणारी हंगामी वसतिगृहे, पालांजवळ भरणारी अंगणवाडी, आणि आईच्या नावे शिधापत्रिका. कागद नाही म्हणून शाळा नाही आणि शाळा नाही म्हणून रस्ता, ही साखळी कचेरीत तोडता येते. ती रस्त्यावर तोडू पाहणारी प्रत्येक मोहीम काही दिवसांनी विरून जाते. पोलिसांच्या ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमांनी पुष्कळ हरवलेली मुले घरी पोहोचविली, त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य करावे, पण ज्या घरी पोहोचवावयाचे ते घरच मुलाच्या मिळकतीवर चालत असेल, तर तेथे पोलिसाचे काम संपते आणि समाजकल्याणाचे सुरू व्हावयास हवे.

आता वाचकाच्या मनात आलेला प्रश्न. मुलाने हात पसरला तर नाणे द्यावे की न द्यावे? गाडगेबाबांनी आयुष्यभर खराटा हाती धरला, भाकरी मागताना आधी गाव झाडला. भुकेल्यास अन्न आणि गरिबांच्या मुलांस शिक्षण ही त्यांची शिकवण होती, आणि धर्मशाळांबरोबर त्यांनी आश्रमशाळाही काढल्या. त्यांच्या वाटेने जावयाचे तर उत्तर कठीण नाही. मुलाच्या हातावर पैसा ठेवू नये, कारण तो पैसा त्याला उद्या पुन्हा त्याच जागी उभा करतो. जेवू घालावे, आणि समोर बसून जेवू घालावे. वृद्धास, अपंगास, आजाऱ्यास जे द्यावयाचे ते मोकळ्या हाताने द्यावे. त्यांच्याविषयी हे प्रकरण नाही. भटक्याला पाहून जमाव गोळा करू नये, मुलास किंवा त्याच्या आईस दरडावू नये, चित्रण करून फिरवू नये. १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या बालसाहाय्य सेवेचा आहे, तो कोणत्याही वेळी विनामूल्य लागतो. मूल कोठे आहे, साधारण वय किती, बरोबर कोण आहे, एवढे सांगावे. नंतर दोन-चार दिवसांनी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जाऊन त्या मुलाचे पुढे काय झाले ते विचारावे. फोन पुष्कळ लोक करतात. विचारावयास फार थोडे जातात, आणि ज्याच्यासाठी कोणी विचारावयास येत नाही ते मूल बहुधा परत रस्त्यावर सापडते.